मंजुळाचा पाय

परवा रात्री एका युवराजाने माझ्या मंजुळा तांडेलचा लंगडा पाय मला न विचारता बरा केला, आणि तेव्हापासून माझे डोके ठणकते आहे. मंजुळा ही माझी कोणी नातेवाईक नव्हे. ऑनलाइन रोलप्लेच्या एका मराठी गटात मी जे पात्र चालवते, ते हे. ज्यांना हा छंद ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगते, की प्रत्येकाने एकेक पात्र घ्यायचे, आपापल्या पात्राच्या तोंडचे आणि हातचे तेवढे आपण लिहायचे, आणि सगळ्यांच्या लिहिण्यातून गोष्ट पुढे सरकवायची. पात्र एखाद्या प्रसिद्ध कथेतून उसने आणता येते किंवा स्वतः घडवता येते, आणि स्वतः घडवलेल्याला ओसी म्हणतात, म्हणजे ओरिजिनल कॅरॅक्टर. खेळाबाहेरचे काही बोलायचे असेल तर ते दुहेरी कंसात बोलायचे. नियम म्हणावेत असे एवढेच, आणि एवढेही पुष्कळांना झेपत नाहीत.

आमचे बंदर कोकण किनाऱ्यावरचे, पण नकाशात न सापडणारे. मंजुळा तिथले दीपगृह सांभाळते. वय पन्नाशीपुढचे, लग्न केलेले नाही, बोलणे तुटक, आणि डावा पाय लंगडा. तरुणपणी वादळात नांगराचा दोर पायाला गुंडाळला गेला, तेव्हापासूनचा. हा पाय मी तिला वाचकांची कीव मिळावी म्हणून दिलेला नाही. वारा फिरणार असला की तो आदल्या रात्रीपासून ठसठसतो, आणि त्यामुळे बंदरातले नाखवे होडी काढण्यापूर्वी आकाशाकडे एकदा आणि मंजुळाच्या चालीकडे दोनदा पाहतात. नारळी पौर्णिमा यायची असताना, दर्याला नारळ देण्याआधीच, एक उतावळा नाखवा होडी लोटणार आणि मंजुळा त्याला अडवायला रात्रीची निघणार, इथवर मी गोष्ट आणून ठेवली होती. शीटवर, म्हणजे पात्राची माहिती जिथे लिहून ठेवतात त्या पानावर, मी ठळक अक्षरांत लिहिले होते, की हिचे कोणाशी सूत जुळवू नये, हिचा पाय बरा करू नये, आणि मला विचारल्याशिवाय हिच्या भूतकाळात नातेवाईक घुसवू नयेत.

युवराज रुद्रांश यांनी ही तिन्ही कार्ये एकाच पोस्टमध्ये उरकली. त्यांनी पायावर तळहात ठेवला, निळा प्रकाश पडला, हाड सांधले गेले. त्या प्रकाशात मंजुळाच्या खांद्यावर राजचिन्ह दिसले आणि ती युवराजांची लहानपणी हरवलेली आत्या निघाली. मग युवराजांसोबत आलेले विधुर सेनापती पुढे झाले, आणि मंजुळा चक्क लाजली. ती लाजल्याचे मला वाचून कळले.

रुद्रांशविषयी थोडे सांगणे भाग आहे. वय सतरा. एक डोळा सोनेरी, दुसरा निळा. आईकडून असुरवंशीय, वडिलांकडून सूर्यवंशीय, आणि दोन्हीकडून पोरका. सर्व शस्त्रांत निपुण. वारा पूर्ण पडलेला असतानाही याचे केस उडत असतात, ही गोष्ट मंजुळाच्या पायालाही कधी उलगडली नाही. असली पात्रे काही आजची नाहीत. स्टार ट्रेक या अमेरिकी मालिकेच्या चाहत्यांच्या एका हौशी नियतकालिकात १९७३ साली पॉला स्मिथ यांनी मेरी स्यू नावाच्या साडेपंधरा वर्षांच्या लेफ्टनंटची टिंगल करणारी छोटी कथा लिहिली, आणि तेव्हापासून स्वघोषित सर्वगुणसंपन्न पात्राला जगभर तेच नाव चिकटले. मला मात्र ही टिंगल फारशी पटत नाही. रुद्रांशने आपल्या अंगणात चारही डोळे सोनेरी करून घ्यावेत, मी एका शब्दाने बोलणार नाही. माझी तक्रार त्याच्या केसांबद्दल नसून माझ्या पायाबद्दल आहे.

पोस्टच्या खाली त्याच्या कर्त्याचा दुहेरी कंस आलाच होता.

((ताई, कसं वाटलं? सरप्राइज!))

((शीट वाचली होती का?)) मी विचारले.

((वाचली ना! म्हणून तर केलं. बिचारीचं सगळं वाईटच लिहिलंय तुम्ही.))

((पाय बरा करू नये असं स्पष्ट लिहिलं आहे.))

((हो, पण ते वरवरचं असतं ना ताई. मनातून कोणाला बरं व्हायचं नसतं?))

((मंजुळाचं मन मी लिहिते.))

((असं कसं? पात्र एकदा गटात आलं की ते सगळ्यांचंच होतं.))

या तत्त्वज्ञानाचा मी ताबडतोब लाभ घेतला. ((उत्तम. मग रुद्रांशला विषमज्वर झाला आणि त्याचे सगळे केस गळले, असं मी आत्ता लिहिते.))

पलीकडे बराच वेळ टिंबे उडत राहिली, थांबली, पुन्हा उडाली.

((नाही हां. तो माझा ओसी आहे. शाळेत असल्यापासून घडवतोय मी त्याला. असं कोणीही येऊन काहीही लिहिलेलं मला नाही चालणार.))

((मला तरी कुठे चालतंय?))

((तुमचं वेगळं आहे. तुम्ही तिचं वाईट करताय, मी भलं केलं. आणि सेनापती चांगला माणूस आहे हो, निर्व्यसनी आहे.))

((तिला लग्न करायचं नाही.))

((योग्य माणूस भेटला नसेल, काकू.))

वाद हरत चालला की ताईवरून काकूवर उतरायचे, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. माझ्या वयाचा याला काहीच पत्ता नव्हता; मंजुळाचे वय त्याने मला लावले होते. मी लिहिले, की मी आपली काकू नाही. त्यावर हसणारा चेहरा आला. त्यानंतर सेनापतींची जन्मरास आली.

‘योग्य माणूस भेटला नसेल’ हे वाक्य मी कुठे ऐकले होते ते शोधायला मला लांब जावे लागले नाही. लग्नाच्या पंगतीत, बारशाला, एकदा तर कोणाच्या दहाव्याला घाटावरसुद्धा, माझ्या हिताची कळकळ असलेल्या माणसांनी ते मला ऐकवलेले आहे. नको म्हटले की त्यांना ‘अजून थोडा आग्रह करा’ असे ऐकू येते. दिवसभर ते ऐकून घेतल्यावर रात्री एका न अस्तित्वात असलेल्या बंदरात, जिथे पावसापासून भरतीपर्यंत सगळे माझ्या मर्जीने घडते, तिथे मी एक बाई अशी घडवली की जिला कोणी हे विचारणार नाही. तिथेही स्थळ आले, निर्व्यसनी.

पासे टाकून खेळायच्या खेळात हे इतके सोपे नसते. १९७४ साली निघालेल्या डन्जन्स अँड ड्रॅगन्समध्ये दुसऱ्याच्या पात्रावर तलवार उगारायची तरी पासे टाकावे लागतात आणि निवाडा करायला एक पंच बसलेला असतो. पुढे १९७८ मध्ये इंग्लंडातल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ यांनी अनेकांनी मिळून संगणकावर अक्षरे टाइप करत खेळायचा मड नावाचा खेळ सुरू केला, रिचर्ड बार्टल यांनी तो वाढवला, आणि तिथे काय घडले हे प्रोग्राम ठरवत असे; आत्या सापडली असे कोणी लिहिले म्हणून ती सापडत नसे. आमच्याकडे पासे नाहीत, पंच नाही, प्रोग्राम नाही. जो लिहील त्याचे खरे. दुसऱ्याच्या पात्राचे हातपाय हलवण्याला गॉडमॉडिंग म्हणतात आणि ते सगळीकडे निषिद्ध मानतात, पण त्याला अडवायला लिहिणाऱ्याच्या सभ्यतेखेरीज दुसरे काही नसते.

जॉन स्टाव्ह्रोपोलोस नावाच्या अमेरिकन खेळरचनाकारांनी एक्स-कार्ड म्हणून एक युक्ती काढली आहे. टेबलाच्या मधोमध एक्स लिहिलेला कागदाचा तुकडा ठेवायचा. गोष्टीत कोणाला नको ते येऊ लागले की त्याने त्या तुकड्याला हात लावायचा, आणि तेवढा भाग वगळून सगळ्यांनी पुढे जायचे. का, हे त्याने सांगण्याची गरज नाही. ही युक्ती मी गटात सुचवली, तेव्हा पहिला प्रश्न आला तो असा: ((पण हात लावल्यावर कारण तर सांगावं लागेलच ना?))

नकार सरळ घेता येतो, हेही मी पाहिलेले आहे. यापूर्वी दुसऱ्या एका गटात मी मंजुळाला घेऊन गेले होते, तर त्यांनी कळवले, की आम्ही मूळ कथेतल्याच पात्रांशी खेळतो, ओसी घेत नाही, क्षमस्व. मला वाईट वाटले, पण आवड त्यांची होती. मंजुळा किती गुणी आहे हे मी त्यांना पटवत बसले नाही, आणि त्यांच्या बंदरात मागच्या दाराने शिरलेही नाही.

प्रकरण मॉडरेटरांकडे गेले. ‘गोष्टच आहे, इतकं काय मनाला लावून घ्यायचं’ असे म्हणून झाल्यावर त्यांनी मतदान ठेवले: मंजुळाचा पाय, बरा की लंगडा? चोवीस तासांची मुदत. ‘बरा’ भरघोस मतांनी निवडून आला. मतदारांत तो उतावळा नाखवाही होता, ज्याचा जीव त्या लंगड्या पायाने वाचणार होता. सेनापतींविषयी वेगळे मतदान घ्यावे अशीही एक सूचना आली, आणि तिला पाठिंबा मिळाला.

मी मंजुळाला गटातून काढून घेतले. तासाभरात निरोप आला, तोही आता कंसाबाहेर, सरळ खासगीत: ‘ताई, राग मानू नका. दीपगृह रिकामंच आहे ना, तर मग ते रुद्रांशला देता का?’ पुन्हा ताई झाले होते. मी ‘नाही’ एवढेच लिहून पाठवले आणि खात्री करून घ्यायला बंदराकडे डोकावले, तर युवराज आधीच आत शिरले होते आणि दीपगृहाच्या संगमरवरी पायऱ्या तीन-तीन करत चढत होते. त्या दीपगृहाला पायऱ्या नाहीत, लाकडी शिडी आहे. तेही शीटमध्ये लिहिलेले आहे.