आरपार दिसतंय ना? मग प्या!

पाणी पारखायला देवाने दोन डोळे दिलेले असताना प्रयोगशाळेच्या पायऱ्या कशाला झिजवता? ग्लास उजेडात धरा. आरपार दिसलं की प्या. आर्सेनिकला रंग नाही, नायट्रेटला वास नाही, म्हणजे ही मंडळी पाण्यात नाहीतच. असती तर दिसली नसती का? जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं, लिटरभर पाण्यात आर्सेनिक 10 मायक्रोग्रॅमच्या वर नको. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. एवढ्या बारीकसारीक गोष्टी मनाला लावून घेतल्या तर जगणं मुश्कील व्हायचं.

डोळ्यांवर भरवसा नसेल तर टीडीएस मीटर घ्या. पेनाएवढी कांडी, बुडवली की आकडा. 90 आला? घरभर दाखवून या. ही कांडी पाण्यातून वीज किती वाहते तेवढंच बघते आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज बांधते. जंतू तिला कळत नाहीत, शिसं आणि मीठ यांतला फरकही कळत नाही, असं कुणी शहाणा सांगू लागला तर त्याच्यासमोर ती पुन्हा बुडवा. पुन्हा 90! आता बोला म्हणावं.

चवीवर तर डोळे मिटून विश्वास ठेवा. 1854 साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाचं पाणी हँपस्टेडला राहायला गेलेल्या एका बाईला इतकं आवडायचं, की ती ते मुद्दाम बाटली भरून मागवायची. तिच्या आसपास कॉलरा नव्हता. तो बाटलीतून आला. कॉलऱ्याचा माग काढणारे डॉ. जॉन स्नो यांना पंपाचा संशय आधीच होता, तो पक्का होण्यात या रसिक बाईच्या मृत्यूचा मोठा वाटा होता.

पाणी उकळता? उकळी फुटली की जंतू मरतात, हे मात्र खरं. पण तिथेच थांबू नका, चांगलं अर्धं होईस्तोवर आटवा. विहिरीत खतांचं नायट्रेट उतरलेलं असेल तर वाफ होऊन जातं ते पाणी. नायट्रेट भांड्यातच राहतं, आता दुप्पट दाट. हे पौष्टिक पाणी बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळासाठी राखून ठेवा. नायट्रेटने रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद घटते आणि बाळाचे ओठ निळसर पडतात. तुम्ही गारठा पडलाय म्हणा आणि दुपटं घाला.

नळाला क्लोरीनचा वास आला की लगेच तक्रार ठोका. वाटेत काही मिसळलं तर उपयोगी पडावा म्हणून लिटरमागे निदान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन नळापर्यंत शिल्लक ठेवतात, हे कारण ऐकूनच घेऊ नका. वाटेत काय मिसळणार? नळ ठरावीक वेळ येतो, एरवी पाइप रिकामा. दाब उतरला की फुटक्या सांध्यातून शेजारच्या गटाराचं पाणी आत ओढलं जातं. कुठेतरी पाणी मुरतंय म्हणतात ना, तेच, फक्त उलट्या दिशेने. म्हणून नळ आल्यावर पहिली गढूळ धार सोडून देऊ नका, पाण्याची नासाडी होते. पाइप शिशाचा असेल तर रात्रभर त्यात मुरलेलं सकाळचं पहिलं पाणी चुकवू नये असंच.

राहिली गच्चीवरची टाकी. तिचं झाकण उघडायच्या भानगडीत पडू नका. मी एकदा पडलो. झाकणाच्या आतल्या बाजूला बोट फिरवलं तर हिरवं बुळबुळीत निघालं, कडेला कबुतराचं पीस तरंगत होतं आणि तळाशी बोटभर गाळ होता. त्यात एक छोटी चप्पलही होती, आमच्यापैकी कुणाचीच नसलेली. झाकण हलकेच परत लावलं, गाळ ढवळू नये म्हणून. खाली आलो, नळ सोडला, ग्लास उजेडात धरला. आरपार दिसत होतं.