प्रतिक्रियेला उत्तर : इंदिराबाईंबद्दल माझं मत का बदललं

नमस्कार दादा, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली, घाईत काहीतरी लिहून टाकायला नको म्हणून दोन दिवस थांबलो. तुमचं म्हणणं असं की पाच वर्षांपूर्वी मीच इंदिरा संतांच्या कवितेला 'एकाच दुःखाचं पारायण' म्हणलो होतो आणि आता तिच्यावरच भरभरून लिहितोय, म्हणजे साहित्य अकादमीचं नाव बघून मारलेली ही सरळ पलटी आहे. शिवाय चूल, अंगण, सायली यातून ही कविता बाहेरच येत नाही.

पलटी मान्य. जुन्या पोस्टचा उल्लेख नव्या लेखात करायलाच पाहिजे होता, तो राहिला, चूक माझी. पण पुरस्काराचं काही पटत नाही बघा. त्यांच्या 'गर्भरेशीम' या संग्रहाला अकादमी मिळाली १९८४ साली. मी बाईंना नावं ठेवली ती त्याच्यानंतर कितीतरी वर्षांनी, पुरस्कार माहीत असताना.

झालं असं की मला कविता कळायच्या आधी त्यांचं चरित्रच कळलं. १९४६ मध्ये पती ना. मा. संत गेले, पदरात लहान मुलं, बेळगावात नोकरी करून संसार ओढला. हे एकदा डोक्यात बसलं आणि मग मी प्रत्येक ओळीत फक्त रडणंच ऐकत गेलो. त्यात ती पावसाची कविता, 'नको नको रे पावसा'. आपण सोलापूरचे, जून-जुलै सगळा आभाळाकडे बघण्यात जातो, आपल्याकडं पावसाला नको म्हणणं म्हणजे मला माजच वाटायचा, खरं सांगतो.

माझ्या मामांची कासेगावला द्राक्षबाग आहे. एका वर्षी बेदाणा शेडमध्ये जाळ्यांवर वाळत घातलेला आणि ऐन उन्हाळ्यात पाऊस आला. आम्ही सगळे ताडपत्र्या घेऊन पळतोय, मामी दारात उभी राहून पावसाला शिव्या देतीय, आत्ता कशाला आलास, आमचं एवढं निघू दे मग ये की, असं अगदी माणसाशी बोलावं तसं. माल काळा पडला तो पडलाच. पण रात्री परत येताना एसटीत मला ती कविता आठवली आणि तिच्यातला 'अवेळी' हा शब्द पहिल्यांदा नीट ऐकू आला. इतकी वर्षं मी त्याच्यावरून तसाच पुढं जात होतो.

घरी येऊन परत वाचली. अहो त्यात रडणं कुठंय? ती बाई पावसाला आडदांड म्हणते, गळत्या कौलांखाली ठेवायला एवढी भांडी कुठून आणू म्हणून जाब विचारते, आणि मग चक्क सौदा करते : वाटेवर गेलेल्या माझ्या सख्याला मागे फिरव, विजेला पण कामाला लाव, त्याला नीट घरी आण, मग घाल काय धिंगाणा घालायचाय तो. तांब्या-पातेली, नेसूचं जुनेर यातूनच तिचा हक्काचा आवाज येतो. तुम्ही म्हणता तसं ती घराबाहेर पडत नाही, पण सख्याला अडवायला पावसाला मात्र आठ कोस पळवते की.

मग हिराचंद नेमचंद वाचनालयातून एकेक संग्रह आणून वाचत गेलो. त्यातली 'कुब्जा' ही कविता तर पाठच झाली. राधा झोपलेली, गोकुळ झोपलेलं, आणि पहाटे यमुनेत एकटी उभी राहून कुबड असलेली ती कुब्जा कृष्णाची मुरली आपल्याचसाठी आहे असं समजून पिऊन घेते. जिच्याकडं कुणी बघत नाही तिला बाईंनी सगळं देऊन टाकलं. याला मी पारायण म्हणलो होतो, याचं मला आज वाईट वाटतं.

तरी एक सांगतो, त्यांचा 'मृगजळ' हा संग्रह मला अजूनही सलग वाचवत नाही, चार कवितांनंतर तोच सूर लागतो. तिथं तुमचं बरोबर आहे आणि त्यावर माझं मत बदललेलं नाही.

जुनी पोस्ट काढणार नाही, तिच्याखाली हे उत्तर जोडतो. तुम्हाला एकसुरी वाटलेल्या कविता कुठल्या ते नावानिशी लिहा, मी त्या परत काढून वाचतो.