“दोन दिवसांच्या वाटेला तीन आठवडे” या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार काका,

तुमचा अभिप्राय नीट वाचला. “मुंबई ते गोवा समुद्रातून सव्वादोनशे सागरी मैल. आमची बोट पाच नॉटने चालते, म्हणजे दोन दिवसांचं काम. यांनी तीन आठवडे लावले, जयगडला चार दिवस बसवून ठेवलं, रात्री चालू दिलं नाही आणि तांडेल (सोबत दिलेला अनुभवी खलाशी) फुकट बसून पगार घेत होता,” असं तुम्ही लिहिलंय. बडोद्यातली आणखीही काही निवृत्त मंडळी स्वतःची बोट घ्यायच्या विचारात आहेत. आम्ही बोटीच्या प्रवासाचे आराखडे करून देतो, तेव्हा दांडिया बाजारातल्या आमच्या ऑफिसात येऊन ती हेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तर इथेच देतो.

तुमचा हिशोब बरोबर आहे. पण पंचेचाळीस तास सलग बोट हाकायची तर पाळीपाळीने जागणारी माणसं लागतात. पहिल्याच भेटीत काकूंनी एक अट घातली होती: रोज रात्री नांगर टाकलेला हवा आणि सहा-सात तास झोप हवी. सगळा आराखडा आम्ही त्या अटीवर बांधला आणि तुम्ही दोघांनी तो वाचून मान्य केला होता.

पहाटे निघा आणि दुपारी नांगर टाका, असं का सांगितलं? हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत कोकणपट्टीवर पहाटे जमिनीवरून मतलई वारा सुटतो. तो हलका असतो आणि किनाऱ्याजवळचं पाणी सपाट राहतं. दुपारनंतर वायव्येचा खारा वारा धरतो आणि संध्याकाळपर्यंत लाट उठवतो. तुम्ही दक्षिणेला चालला होतात, म्हणजे हा वारा मागून येणारा. बोट पळते खरी, पण मागून येणारी लाट सुकाणू हातातून ओढून घेते. नवख्या हाताला ते तासन्‌तास झेपत नाही.

भरतीबद्दल मात्र जरा सविस्तर लिहितो, कारण “खाडीत शिरायला मुहूर्त कशाला?” हे तुमचं वाक्य पुष्कळांच्या मनात असतं. कावी-कंबोईला स्तंभेश्वराच्या दर्शनाला जाताना आपण बडोदेकर आधी भरतीची वेळ विचारतो, कारण देऊळच पाण्याखाली जातं. खंभातच्या आखातात पाणी दहा मीटरपर्यंत चढतं. मुंबईला उधाणाच्या दिवशी साडेचार-पाच मीटर, गोव्याकडे त्याच्या निम्म्याच्या आसपास. कमी आहे म्हणून ते विचारात घ्यायचं नाही, असं होत नाही. बाणकोटला सावित्रीच्या मुखाशी, दाभोळला वाशिष्ठीच्या मुखाशी वाळूचे दांडे आहेत. तुमच्या बोटीला तळाखाली दीड मीटर पाणी लागतं. ओहोटीचं पाणी बाहेर धावत असताना समोरून लाट आली की त्या दांड्यावर ती फुटते, आणि लहान बोट आडवी व्हायची ती तिथेच.

कोळ्यांचा हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण कळते. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. म्हणजे पौर्णिमेच्या दिवशी तुम्ही दुपारी पोचलात तर खाडीत पाणीच पाणी, आणि अष्टमीला त्याच वेळी ओहोटी. रोज ही वेळ पाऊण-एक तास पुढे सरकते. त्यामुळे कधी एक दिवस आधीच थांबावं लागतं, कधी पुढचं बंदर सोडून द्यावं लागतं. बाणकोटच्या आधी तुम्हाला जो दिवस “वाया” गेलासा वाटला, तो यापायी.

जयगडचे चार दिवस: हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राचे अंदाज देणाऱ्या सरकारी संस्थेचा लाटांचा अंदाज आम्ही रोज सकाळी आणि संध्याकाळी तुम्हाला पाठवला होता. अंदाजातल्या लाटा उतरल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे तुम्ही निघालात. शास्त्री नदीची ती खाडी खोल आणि आडोशाची आहे. थांबायचंच असेल तर त्या पट्ट्यात त्याहून चांगली जागा मी सुचवू शकलो नसतो.

रात्रीचं म्हणाल, तर बोटीवरच्या नकाशाच्या पडद्यावर खडक दिसतात, दिवे दिसतात. जाळी दिसत नाहीत. रायगडच्या किनाऱ्याला डोल जाळी समुद्रात रोवलेली असतात. पुढे तरंगती जाळी मैल-मैल पसरलेली असतात, आणि अंधारात त्यांचे बोये शोधायचे कुठे? पंख्यात जाळं गुंडाळलं की तुमचं इंजिन बंद आणि एका कोळ्याच्या घरचं हजारोंचं नुकसान. कोणी कितीही पैसे दिले तरी रात्रीच्या प्रवासाचा आराखडा आम्ही करत नाही.

आता तांडेल. हे वाक्य मला लागलं. तो हर्णैचा माणूस, लहानपणापासून मचव्यावर वाढलेला. बोट तुम्ही दोघांनी चालवावी म्हणून तुम्ही बरोबर माणूस घेतलात, चालक घेतला नाहीत. करारात तसंच लिहिलंय. तो गप्प बसला होता तेव्हा पाण्याचा रंग बघत होता. दाभोळच्या मुखाशी त्याने तुम्हाला “साहेब, अजून अर्धा तास इथेच फिरा” म्हटलं आणि तुम्ही वैतागलात, हे त्याने मला फोनवर सांगितलं, तेही तक्रार म्हणून नव्हे. त्या अर्ध्या तासानंतर तुम्ही स्वतः सुकाणू धरून आत शिरलात. त्याच्या मजुरीतला एक रुपयाही मी कापणार नाही, आणि आमची फी परत करण्याचंही कारण मला दिसत नाही.

बोट आता गोव्यात आहे. ती लगेच मुंबईला परत आणायची असं तुम्ही फोनवर म्हणालात. परतीला वायव्येचा वारा तोंडावर येईल, मे महिन्यात तो आणखी जोर धरेल. फक्त सकाळचे चार-पाच तास हातात मिळतील, म्हणजे येताना लागले त्याहून जास्त दिवस लागतील. माझा सल्ला असा की पावसाळ्यापुरती बोट तिथल्याच एखाद्या यार्डात पाण्याबाहेर काढून ठेवा आणि दिवाळीनंतर निघा. जागा मे अखेरीपर्यंत भरून जातात, तेव्हा या आठवड्यात काकूंशी बोलून कळवा. यार्डवाल्यांशी मी बोलतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत.

आपला,
संचालक, दांडिया बाजार, बडोदे