काठावरच्या आमदाराने नागपुरात कसं वागावं

राजेहो, तुम्ही मध्यममार्गी आमदार आहात, यात लाजण्यासारखं काही नाही. कोणाला बीपी असतो, कोणाला शुगर असते, तुम्हाला हे आहे. विरोधकाच्या मुलीच्या लग्नाला तुम्ही जाता, सभागृहात राजदंडाला हात लावत नाही, टीव्हीवर बोलावलं तर 'दोन्ही बाजू समजून घ्यायला हव्यात' म्हणत अँकरचा अर्धा तास मातीत घालता. पक्षात अशा माणसाला सज्जन म्हणतात आणि तिकिटासाठी तिसऱ्या यादीपर्यंत ताटकळत ठेवतात.

पण सज्जनपणालाही हंगाम लागतो, तो आधी ओळखा. २०२४ च्या नोव्हेंबरात महायुतीचे २८८ पैकी २३० आले. बहुमताला १४५ लागतात. म्हणजे ८६ जणांना एकाच रात्री सद्बुद्धी झाली, तरच सरकारला घाम फुटणार. अशा सभागृहात तुमच्या सद्सद्विवेकबुद्धीला कोणी चहासुद्धा विचारत नाही. तेव्हा जमलं तर अशा विधानसभेत निवडून या, जिथे सरकार १४६ वर उभं आहे. मग बघा, ज्यांना तुमचं नाव धड घेता येत नव्हतं, त्यांना तुमच्या आजोबांचं समाजकार्य तोंडपाठ होतं.

एका मताची किंमत काय असते, हे दिल्लीने १७ एप्रिल १९९९ ला दाखवलंच आहे. वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० ने पडलं. विरोधातल्या त्या २७० पैकी लोकांच्या लक्षात राहिले दोघं. एक सैफुद्दीन सोझ, ज्यांनी पक्षाचा आदेश धुडकावला आणि पक्षाने त्यांना काढून टाकलं. दुसरे गिरिधर गमांग, जे ओडिशाचे मुख्यमंत्री झाले होते पण खासदारकी अजून सोडली नव्हती. उरलेल्या २६८ जणांनीही अगदी तसंच बटण दाबलं होतं. त्यांचं नाव कोणी काढत नाही.

आता नागपूर. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात असं ठरलं की सरकारने ठरावीक काळ नागपुरात मुक्काम हलवावा आणि वर्षातून किमान एक अधिवेशन इथे घ्यावं. २०२४ साली हा मुक्काम १६ ते २१ डिसेंबर, म्हणजे सहा दिवस टिकला. सहा दिवसांत विदर्भाचे प्रश्न सुटत नाहीत हे खरं आहे. पण एखादा आमदार फुटायला सहा दिवस रग्गड होतात.

आणि फोडायला या गावासारखं सोयीचं गाव नाही. मुंबईत आमदार अधिवेशन संपलं की सतरा दिशांना पांगतात. इथे मुख्यमंत्र्यांची रामगिरी, उपमुख्यमंत्र्यांची देवगिरी, मंत्र्यांचं रवी भवन आणि तुमचं आमदार निवास, सगळं सिव्हिल लाइन्सच्या पट्ट्यात. जेवण झाल्यावर शतपावलीला निघालेला माणूस चुकून दुसऱ्या पक्षात पोचू शकतो. डिसेंबर १९९१ मध्ये छगन भुजबळ शिवसेनेतून फुटले ते नागपूरच्या हिवाळी अधिवेशनातच. सेनेचे ५२ निवडून आले होते, आमदारकी वाचवायला तेव्हाच्या कायद्याप्रमाणे तिसरा हिस्सा म्हणजे १८ डोकी लागत. १८ जमली. त्यातली काही लगेच परतही फिरली. संत्र्याच्या दिवसांत इथे साल आणि माणूस दोन्ही लवकर सुटतं.

दबाव नेमका कसा येतो, हे नव्या आमदाराला कोणी सांगत नाही. त्याला वाटतं, काळ्या काचांची गाडी येईल, गॉगलवाला उतरेल. तसं काही नसतं. सकाळचे साडेसहा वाजलेले असतात. आमदार निवासातल्या तुमच्या खोलीत मतदारसंघातले आठ कार्यकर्ते गाद्या टाकून घोरतायत. एकाने तुमची सुटकेस उशाला घेतलीय, त्यामुळे तुमचं जाकीट अडकलंय. गीझरचं गरम पाणी पहिल्या दोघांनी संपवलं. बदलीच्या अर्जांचा गठ्ठा टीव्हीवर, मोजे खुर्चीवर. आणि दारावर टकटक होते.

दारात प्रतोद, म्हणजे पक्षाचा आदेश बजावणारा, नसतो. प्रतोद कागद पाठवतो, स्वतः येत नाही. दारात असतो तुमचा शाळेतला मित्र, आता रस्त्याची कंत्राटं घेणारा. हातात तर्री पोह्याचं पार्सल, तर्री वेगळ्या पिशवीत गाठ मारून बांधलेली. 'काही नाही भाऊ, सहजच आलो होतो इकडे.' डिसेंबरच्या थंडीत सकाळी साडेसहाला नागपुरात कोणी सहज येत नसतं. तरी पोहे खा, त्यांचा काय दोष? तर्री ओतता ओतता तो विचारेल, 'तुमच्या साळ्याच्या रेतीघाटाचं काय झालं जी? तहसीलदारानं ट्रक धरले म्हणे.'

इथे दचकायचं नाही. शांतपणे म्हणायचं, 'कायदा त्याचं काम करेल.'

'करूनच राहिला ना बाप्पा. तेच तर सांगून राहिलो.'

हा झाला स्वपक्षाचा निरोप. स्वपक्ष नेहमी भीती दाखवतो, कारण तुम्ही त्याचेच आहात, तुमची स्तुती कशाला करायची? स्तुती समोरून येते, साधारण अकराच्या सुमारास, विधानभवनाच्या कॉरिडॉरमध्ये. 'तुमच्यासारखी अभ्यासू माणसं आमच्याकडे पाहिजेत हो.' अभ्यासू हा शब्द ऐकला की खिसा तपासा. अभ्यासू माणसाला सरकारी महामंडळ देतात, मंत्रिपद देत नाहीत. २००३ च्या घटनादुरुस्तीने मंत्री सभागृहाच्या १५ टक्क्यांच्या आत बसवलेत, म्हणजे आपल्याकडे ४३. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या राजभवनावर एका दिवसात ३९ जणांनी शपथ घेतली. उरलेल्यांनी अभ्यास केला.

गंमत अशी की पाळत फक्त तुमच्यासारख्यांवर असते. जो उठता बसता समोरच्या पक्षाच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो, तो कुठे जेवायला गेला हे कोणी विचारत नाही. उद्या तोच आधी जाईल, इतिहास तसाच आहे. पण संशय तुमच्यावर, कारण तुम्ही विरोधी पक्षनेत्याशी हसून बोललात. यावर उपाय म्हणून नागपुरात सर्वधर्मसमभावाची एक अप्रतिम सोय आहे. सत्ताधारी आमदारांना अधिवेशनात संघाच्या रेशीमबागेचं बोलावणं येतं. मित्रपक्षातले काही जातात, काहींना नेमकं त्याच सकाळी काम निघतं. तुम्ही जा. तिथून दीक्षाभूमीला जा. संध्याकाळी ताजबागला चादर चढवा. तिन्ही ठिकाणचे फोटो काढा आणि तीन वेगवेगळ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाका. ग्रुप मात्र चुकू देऊ नका. फोटोंनी आजवर कोणाची विचारसरणी बदललेली नाही, पण ग्रुप चुकल्याने जिल्हाध्यक्षपद जातं.

आता मूळ मुद्दा, म्हणजे कायदा. हा भाग वकिलाला न विचारता समजून घ्या, कारण वकीलही कोणाचा तरी असतो. १९८५ साली पक्षांतरबंदी आली. पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत दिलं किंवा गैरहजर राहिलात, तर आमदारकी जाऊ शकते. पक्षाने १५ दिवसांत माफ केलं तर वाचते. म्हणजे तुमच्या मनाला पटलेल्या मतासाठी माफीची सोय आहे, मत देण्याची नाही. १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा उचलून धरला, पण हा बडगा सरकार टिकण्या-पडण्याच्या आणि पक्षाच्या मुख्य धोरणाच्या मतदानापुरता ठेवावा, असंही सुचवलं. पक्षांनी ते आदराने वाचलं आणि उरलेल्या सगळ्या मतदानांनाही व्हिप, म्हणजे पक्षादेश, काढला.

हे झालं एकट्यासाठी. घोळक्याला कायदा वेगळा आहे. आधी तिसरा हिस्सा फुटला तर ती फूट मानली जायची. २००३ ला ते कलम काढलं; आता दोन तृतीयांश आमदार दुसऱ्या पक्षात विलीन झाले तरच संरक्षण. ५५ च्या पक्षात ३७ पाहिजेत. सरळ हिशेब आहे भाऊ: एका विधेयकावर एकट्या तुमचं मन खाल्लं तर तो गद्दारपणा, ३७ जणांचं मन एकाच बसमध्ये खाल्लं तर ती वैचारिक भूमिका. किरकोळ विक्री बंद, घाऊक चालू. म्हणून मध्यममार्गी माणसाने कधीही एकट्याने विचार करू नये. शेतकऱ्याच्या बोनसवर, एखाद्या जाचक कलमावर तुम्हाला सरकारविरुद्ध बोलावंसं वाटलं, तर आधी ३६ जण शोधा. न सापडल्यास विचार रद्द समजावा.

एवढं करूनही प्रकरण कोर्टात गेलंच, तर घाबरू नका, उसंत भरपूर मिळते. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली. अपात्रतेचा निर्णय विधानसभा अध्यक्षांनी १० जानेवारी २०२४ ला दिला. दीड वर्षं थांबून कळलं काय, तर दोन्ही गटांतलं कोणीच अपात्र नाही. इतका समतोल निकाल वाचून मध्यममार्गी म्हणवून घ्यायला आपल्यालाच संकोच वाटावा.

सहलीला मात्र तयार राहा. सुरत, गुवाहाटी, गोवा हा रस्ता आता पाठ झालाय, आणि तिकडचं झाडी-डोंगर-हाटेल अख्ख्या महाराष्ट्राला तोंडपाठ आहे. नागपूरकर म्हणून माझी एक तक्रार आहे: एवढं लांब जायचं काहून? दोनेक तासांवर ताडोबा आहे, पेंच आहे. जंगलात मोबाईलला रेंज नाही, हे नेत्यांना हवं. पत्रकारांना आत सोडत नाहीत, हेही हवं. वाघ दिसला तर दिसला. शिवाय डिसेंबरात हुरडा असतो. कुठल्याशा फार्महाऊसवर हुरडा खायला बोलावतील, तिथे शेकोटीशी तुमच्याच पक्षाचे सहा जण आणि समोरच्या पक्षाचे चार असतील आणि सगळे जण एकमेकांना पाहून 'अरे, तुम्हीपण?' म्हणतील. जा, पण स्वतःच्या गाडीने. दुसऱ्याच्या गाडीतून गेलेला आमदार कुठे उतरेल हे ड्रायव्हरच्या हातात असतं.

आणि कागद न वाचता सही करू नका, मग ती हजेरीची का असेना. २०१९ च्या नोव्हेंबरात भल्या सकाळी शपथविधी झाला, तेव्हा राष्ट्रवादीच्या आमदारांनी बैठकीच्या हजेरीसाठी केलेल्या सह्या पाठिंब्याच्या पत्राला जोडल्या, असा आरोप झाला होता. ते सरकार चार दिवसांतच गेलं. तेव्हापासून शहाणे आमदार सही करताना कागदाच्या वरच्या बाजूला 'फक्त चहा घेतला' असं लिहितात म्हणे. खरं खोटं माहीत नाही, पण पद्धत चांगली आहे.

पैशाबद्दल मी बोलणार नाही. तुम्ही घेत नाही, देणाराही देत नाही, हे सर्वश्रुत आहे. विधानभवनाजवळच झिरो माइलला चार दगडी घोडे आहेत. कोणी घोडेबाजाराचा विषय काढलाच तर तिकडे बोट दाखवा: इतकी अधिवेशनं झाली, एकही विकला गेला नाही. फक्त कायदा बदललाय तेवढं ध्यानात ठेवा. १९९८ च्या निकालाप्रमाणे लाच घेऊन सभागृहात मत दिलेल्याला संरक्षण होतं, आणि लाच घेऊन मत न देणाऱ्याला नव्हतं. व्यवहारातला प्रामाणिकपणा म्हणतात तो हा. ४ मार्च २०२४ ला सात न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो निकाल उलटवला. तेव्हापासून या क्षेत्रात विश्वासार्हतेला काही अर्थ राहिला नाही.

प्रत्यक्ष मतदानाच्या दिवशी काय करावं? आवाजी मतदान असेल तर तुमच्यासारखा भाग्यवान नाही. २०१४ च्या नोव्हेंबरात भाजपचे १२१ होते, विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानाने पास झाला, कोण 'होय' म्हणालं ते छतालाच ठाऊक. अशा वेळी ओठ हलवायचे, आवाज काढायचा नाही. पण डोकी मोजायची ठरली तर उशीर हाच तुमचा खरा मित्र. घंटा वाजते, दारं बंद होतात, बाहेर राहिलेला बाहेर. मुंबईत ३ जुलै २०२२ ला अध्यक्षांच्या निवडणुकीत विरोधकांना १०७ मतं पडली. दुसऱ्या दिवशी विश्वासदर्शक ठरावाच्या वेळी ९९. काही जण उशिरा पोचले आणि दाराबाहेर राहिले. नागपुरात तर उशिराला कारण शोधावं लागत नाही. अधिवेशनात टेकडी रोडला मोर्चा, मॉरिस कॉलेज चौकाकडे मोर्चा, सीताबर्डीला बॅरिकेड. विनाअनुदानित शिक्षकांच्या मोर्चात अडकलो असं सांगा. शिक्षकही खूश, कारण कोणीतरी आमदार त्यांच्या मोर्चापर्यंत आला.

सगळं निस्तरलं, तुम्ही जिथे होतात तिथेच राहिलात किंवा नाही राहिलात, की गावी परत जायचं. वेशीवर पत्रकार विचारतील, हे का केलं? उत्तर एकच: मतदारसंघाच्या विकासासाठी. एखाद्या रस्त्याचं नाव घ्या. नागपूरला पुरवणी मागण्या मंजूर होतात, त्यात तुमचा एक रस्ता असतोच. शक्यतो तोच रस्ता निवडा ज्याचं भूमिपूजन आधी दोनदा झालंय, म्हणजे जागा वादात नाही हे नक्की. कोनशिला मात्र नवीन करून घ्या. जुनीवर तुमच्या नावाशेजारी ज्याचं नाव कोरलंय, तो आता विरोधात आहे.