‘आणखी’ मागणाऱ्यांबद्दल: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया वाचली त्याच रात्री उत्तर लिहायला घेतलं होतं, पण दोन परिच्छेद झाल्यावर थांबले. ते रागाच्या भरात लिहिलेलं होतं आणि त्या रागात तुमचा निम्मा मुद्दा मी नीट वाचलाच नव्हता. मधल्या आठवड्यात काही पुस्तकं पुन्हा काढून बसले. आता लिहिते.

बाकीच्या वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगते. मागच्या लेखात मी कथा-कादंबऱ्यांतल्या खाण्यापिण्याबद्दल लिहिलं होतं. लेखक चव शब्दांत कशी पकडतात, वाचता वाचता तोंडाला पाणी का सुटतं, असा सगळा सूर होता. त्यावर तुम्ही लिहिलंत की कथेतलं खाणं म्हणजे निव्वळ भरताड. पुढे काय घडवायचं ते सुचेनासं झालं की लेखक पात्रांना जेवायला बसवतो, आणि अशी पानं तुम्ही सरळ उलटून पुढे जाता. शिवाय हे भरल्या पोटाचे चोचले. खऱ्या भुकेल्याला घास दिसतो, वर्णन सुचत नाही. आणि मला लागलं ते शेवटचं वाक्य: मी डोक्याने वाचत नाही, जिभेने वाचते.

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते. त्या लेखापुरतं ते खरं आहे. मी चवीवर लिहिलं, आणि मी दिलेल्या उदाहरणांत चव हीच सगळ्यांत कमी महत्त्वाची गोष्ट होती. फ्रेंच कादंबरीकार प्रूस्तचंच बघा. त्याच्या ‘इन सर्च ऑफ लॉस्ट टाइम’ या कादंबरीचा पहिला खंड १९१३ साली आला. चहात भिजलेल्या मॅडलेनच्या, म्हणजे एका छोट्या फ्रेंच केकच्या, एका घासाने निवेदकाला बालपण परत मिळतं, त्या प्रसंगावर मी अख्खा परिच्छेद खर्च केला होता. पण आधीच्या मसुद्यांत मॅडलेन नव्हतीच. तिथे साधा भाजलेला पाव आहे, टोस्ट आहे. म्हणजे चवीच्या आठवणीचं जगातलं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण, आणि त्यातली चवच लेखकाने मध्ये बदलून टाकली. तरी प्रसंग जागचा हलला नाही. मसुद्यात आजोबा आपल्या चहात टोस्ट बुडवून मुलाला देतात. छापील कादंबरीत रविवारी सकाळी मावशी आपल्या कपात मॅडलेन बुडवून देते. पदार्थ बदलला, देणारं माणूसही बदललं. टिकलं ते एवढंच, की घरातल्या मोठ्या माणसाने स्वतःच्या कपात बुडवून मुलाच्या हातात घास ठेवला. हे मी तेव्हा लिहायला हवं होतं. कथेतल्या खाण्याकडे बघताना मी कोण देतो, कुणाला देतो आणि किती देतो हे आधी बघायला हवं होतं, चव नंतर.

पण भुकेल्याला वर्णन सुचत नाही, हे मला मुळातच उलटं वाटतं. खाण्याबद्दलचं सगळ्यांत काटेकोर लिहिणं मला भुकेच्याच कथांत सापडलं आहे.

‘ऑलिव्हर ट्विस्ट’ सगळ्यांना माहीत आहे, निदान त्यातला एक शब्द तरी. इंग्लंडमध्ये १८३४ साली गरिबांसाठी नवा कायदा झाला. मदत हवी असेल तर वर्कहाउसमध्ये, म्हणजे गरिबांना ठेवून कामाला लावणाऱ्या घरात, येऊन राहा, आणि तिथलं जिणं बाहेरच्या गरिबातल्या गरीब मजुरापेक्षा वाईटच असेल, असं त्यामागचं तत्त्व होतं. १८३७ मध्ये डिकन्सची ही कादंबरी मासिकातून क्रमशः यायला लागली. पेज कशी लागत होती हे सांगण्यात तो वेळ घालवत नाही, हिशेब मांडतो. दिवसातून तीनदा पातळ पेज, आठवड्यातून दोनदा एक कांदा, रविवारी अर्धा पाव. जेवणघरात प्रत्येक मुलाला एकच वाडगा. मोठ्या आनंदाच्या दिवशी तेवढा सव्वादोन औंस पाव जास्तीचा. वाडगे कधी धुवावे लागत नसत, कारण मुलंच ते चमच्याने घासून लख्ख करत. यात चवीचं काही नाही, तरी पान उलटलंत तर पुढचं काही कळणार नाही. ऑलिव्हर वाडगा घेऊन उठतो आणि ‘आणखी’ म्हणतो तेव्हा त्या शब्दाला जे वजन येतं, ते आधीच्या औंसांमुळे.

आणि गंमत अशी, की हाच शब्द नव्वद वर्षांनी एका सुखवस्तू टेबलावर येतो. व्हर्जिनिया वूल्फची ‘टू द लाइटहाउस’, १९२७. रॅमझे कुटुंबाकडे पाहुणे जेवायला बसलेत आणि म्हातारे कवी कारमायकल आणखी एक ताटली सूप मागतात. घडतं एवढंच. पण मिस्टर रॅमझेंच्या तळपायाची आग मस्तकात जाते, कारण स्वतःचं खाऊन झाल्यावर दुसरं कुणी खात बसलेलं त्यांना सहन होत नाही. ते बोलत काहीच नाहीत. टेबलाच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला नवरा-बायकोचं भांडण नुसत्या नजरेने होतं. पुढे त्याच जेवणात मांसाचा तो प्रसिद्ध पदार्थ येतो. स्वयंपाकीण तीन दिवस त्याच्यामागे खपलेली असते. एक पाहुणा मनापासून तारीफ करतो आणि मिसेस रॅमझे म्हणतात, माझ्या आजीची कृती आहे. मिसेस रॅमझे मला फार आवडतात, तरी त्या वाक्यापाशी मी दर वेळी थांबते. कौतुक बैठकीत राहिलं, ते स्वयंपाकघरापर्यंत पोचलं नाही, हे वूल्फ बोट दाखवून सांगत नाही. तीन दिवस हा आकडा तिने नुसता ठेवून दिलाय. पान उलटणाऱ्याच्या हातून तोच निसटेल.

आता ज्या कथेसाठी हे सगळं लिहायला बसले तिच्याकडे येते. रशियन कथाकार चेखवची ‘कालवं’, १८८४ सालची. मॉस्कोतली पावसाळी संध्याकाळ. कारकुनी मिळेल या आशेने पाच महिने वणवण केलेला बाप आज पहिल्यांदाच भीक मागायला रस्त्यावर उभा आहे, शेजारी आठ वर्षांचा मुलगा. बापाला हात पुढे करवत नाही. समोरच्या खाणावळीच्या भिंतीवर एक पांढरी पाटी दिसते: कालवं. मुलगा विचारतो, बाबा, कालवं म्हणजे काय? बाप सांगतो, समुद्रातला प्राणी.

इथून वर्णन सुरू होतं, आणि ते पूर्णपणे उपाशी पोटी केलेलं आहे. मुलाने कालव कधी पाहिलेलं नाही. मासा आणि खेकडा यांच्या मधलं काहीतरी तो मनात तयार करतो. त्याचं गरम सूप करतो, त्यात तमालपत्र टाकतो. तो वास त्याच्या टाळूला, नाकाला, अंगभर भिनतो आणि तो चावायला लागतो. तोंडात काही नसताना! तेवढ्यात बाप सांगतो की कालवं जिवंतच खातात, ती शिंपल्यात असतात. सूप गेलं. आता मुलाच्या डोळ्यांपुढे शिंपल्यात बसलेला बेडूक येतो, नांग्या असलेला, चकाकत्या डोळ्यांचा, बुळबुळीत. त्याला शिसारी येते, आणि तरीही तो खातच राहतो. मनातल्या मनात ताटली खातो, रुमाल खातो, बापाचे रबरी जोडे खातो, ती पाटीसुद्धा खातो.

सांगा, याला काय म्हणाल? भरल्या पोटाच्या माणसाने कालवाचं वर्णन केलं असतं तर लिंबू कसं पिळलं ते सांगितलं असतं. इथे पदार्थ नाहीच, फक्त नाव आहे, आणि भूक त्या नावाला एकामागून एक शरीरं चढवते आहे. भुकेल्याला वर्णन सुचत नाही म्हणता? या मुलाला वर्णनाशिवाय दुसरं काही मिळालेलंच नाही.

मग उंच टोपीवाले दोन गृहस्थ हसत हसत त्याला आत नेतात. गर्दी जमते. डोळे मिटून तो खातो, काहीतरी कडक दाताखाली येतं, आणि लोक खो खो हसतात: अरे, हा तर शिंपलाही खातोय! रात्री मुलगा घशाच्या आगीने तळमळतो आणि बाप खोलीत येरझाऱ्या घालत स्वतःशी बोलतो. त्या गृहस्थांनी आज कालवांवर दहा रुबल उडवले. आपण पुढे होऊन त्यांच्याकडे थोडे उसने का नाही मागितले? दहा रुबल हा आकडा चेखव इतका वेळ दाबून ठेवतो. तो सुरुवातीला सांगितला असता तर करमणुकीची किंमत म्हणून वाचला गेला असता. शेवटी येतो तेव्हा तो बापाच्या गळ्यात अडकलेला असतो.

याच शहरात, याआधी जेमतेम दहा वर्षं, टॉलस्टॉयच्या ‘अ‍ॅना कॅरेनिना’तला लेव्हिनही मित्र ऑब्लॉन्स्कीबरोबर कालवंच खातो. त्याला खरं म्हणजे कोबीचं सूप आणि लापशी चालली असती. ऑब्लॉन्स्की मात्र चवीने एकेक पदार्थ मागवतो, वेटर त्याची फ्रेंच नावं घोळवतो, आणि इकडे लेव्हिनचा जीव किटीबद्दल, त्याचं जिच्यावर प्रेम आहे तिच्याबद्दल, विचारायला तळमळतोय. तुम्ही म्हणता जेवणाने गोष्ट थांबते. बरोबर आहे, टॉलस्टॉयने ती मुद्दाम थांबवली आहे. लेव्हिनसारखेच आपणही ताटकळतो.

आणि सोल्झेनित्सिन. सोव्हिएत श्रमछावणीतल्या एका कैद्याच्या एका दिवसाची त्याची गोष्ट ‘इव्हान डेनिसोविच’ १९६२ च्या नोव्हेंबरात ‘नोव्ही मीर’ या रशियन मासिकात आली. लेखकाने स्वतः आठ वर्षांची शिक्षा भोगलेली, त्यामुळे भूक त्याला ऐकून माहीत नव्हती. त्या एका दिवसात तो कैदी, इव्हान डेनिसोविच शुखॉव, पाव कसा वाटून ठेवतो बघा. अर्धा कपड्यात लपवतो, अर्धा गादीत घालून वरून टाका मारतो. वाडगा पुसायला पावाचा कडेचा तुकडा राखून ठेवतो. चमचा त्याचा स्वतःचा, वाळूत ओतून घडवलेला, बुटात खोचून जपलेला. जेवताना डोक्यावरची टोपी काढतो, कितीही थंडी असली तरी. आणि मासा! पातळ रश्श्यातला तो माशाचा सांगाडा शुखॉव कल्ल्यांसकट, शेपटीसकट चावून खातो. डोळेसुद्धा खातो, पण ते जागेवर असतील तरच. शिजून निघालेले आणि वाडग्यात सुटे तरंगणारे डोळे तो खात नाही. बाकीचे त्याला त्यावरून हसतात.

गेल्या आठवड्यात ते वाक्य मी चार-पाच वेळा वाचलं. सगळं काढून घेतलेल्या माणसाने स्वतःसाठी एक नकार शिल्लक ठेवलाय, आणि तो आहे माशाच्या डोळ्याएवढा. छळछावणीवर शंभर पानांचा निबंध लिहूनही हे सांगता आलं नसतं. तुम्ही हे पान उलटलंत असं मला मनापासून वाटत नाही. कदाचित तुम्ही याला खाण्याचं वर्णन म्हणून मोजलंच नसेल. तसं असेल तर आपला वाद निम्मा मिटला.

उरलेला निम्मा मी मान्य करते. भरताड असतं, आणि पुष्कळ असतं. पण माझ्या मते ते पंचपक्वान्नांत कमी आणि चहाच्या कपात जास्त असतं. ‘त्याने कप खाली ठेवला.’ ‘तिने एक घोट घेतला आणि खिडकीबाहेर पाहिलं.’ संवादात मध्ये श्वास घ्यायचा असतो, पात्रांच्या हातांना काही काम नसतं, म्हणून कप येतो. मी कथा लिहिते हे तुम्हाला माहीत आहे. तुमची प्रतिक्रिया वाचल्यावर माझ्या एका जुन्या कथेचा कच्चा खर्डा काढला आणि पेन्सिलीने प्रत्येक चहाभोवती गोल केला. अकरा गोल झाले. त्यातला एकच चहा कथेत हवा होता: सून सासऱ्यांना कप देते आणि ते तो तसाच निवू देतात. उरलेल्या दहांत कुणी कुणाला काही दिलेलं नव्हतं, कुणी काही नाकारलेलं नव्हतं, कुणाच्या वाट्याला कमी आलेलं नव्हतं. ते दहा मी खोडले, आणि संवाद पहिल्यापेक्षा बरे वाचले जातात. हे तुमच्यामुळे झालं.

मूळ लेखातला मॅडलेनवरचा परिच्छेद बदलते आहे. टोस्टची आणि आजोबांची गोष्ट त्यात यायला हवी. ‘तोंडाला पाणी सुटतं’ हे वाक्यही काढणार आहे, कारण ‘कालवं’ वाचताना तसं होत नाही, घसा कोरडा पडतो.

तुमच्याकडे एक मागणं आहे. तुम्हाला नेमकी कुठली पानं उलटावीशी वाटली, ते पुस्तकाच्या नावानिशी कळवा. मी ती वाचीन आणि त्यात कोण कुणाला काय वाढतंय ते शोधीन. काहीच सापडलं नाही तर तसं इथेच लिहीन. तोवर ‘कालवं’ वाचा. पाच-सहाच पानांची आहे.