ताटाची डावी बाजू

सप्टेंबर आला की आमच्या शाळेच्या भिंतीवर बर्गर उगवतात. पोषण महिना असतो ना! मुलं कार्डशीटवर बर्गर काढतात, त्याच्यावर लाल फुली मारतात, शेजारी एक हसरं गाजर. बक्षिसं वाटली जातात, फोटो वर पाठवले जातात आणि दिवाळीच्या साफसफाईत सगळं रद्दीत. मी कोपरखैरण्यात सातवी-आठवीला विज्ञान शिकवते आणि हे तक्ते मीही वर्षानुवर्षं हौसेने करून घेतलेत. तेव्हा पहिला दोष माझा.

माझ्या वर्गातली निम्मी मुलं माथाडी कामगारांची. पप्पा तुर्भ्याच्या मार्केटला, गाव पाटणकडे नाहीतर जावळीत. बाकीची इथलीच आगरी, थोडी यूपी-बिहारची. यातल्या बऱ्याच जणांनी बर्गर खाल्लाय तो कुणाच्या तरी वाढदिवसाला. ज्या पदार्थाशी रोजची गाठ नाही, त्याच्यावर फुली मारायला काय जातं? रोज पोटात जाते ती चपाती-बटाट्याची भाजी, वडापाव आणि पाच रुपयांची कुरकुरीत पुडी.

मे 2024 मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने भारतीयांसाठी नवी आहार मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. एकूण 17. पाठ करायला दिली तर मुलं पाठ करतील आणि मधल्या सुट्टीत पुडी फोडतील. म्हणून यंदा मी त्यातलं फक्त दिवसभराचं ताट घेतलं, 2000 कॅलरीच्या हिशेबाचं. धान्य 250 ग्रॅम, भाज्या 400, फळं 100, डाळी किंवा अंडी-मांस-मासे 85, दाणे आणि तेलबिया 35, तेल-तूप 27, दूध किंवा दही 300 मिली. ही वजनं कच्च्या मालाची आहेत. हे सांगितलं नाही तर सगळाच हिशेब चुकतो.

घरातला वजनकाटा पिशवीत घालून वर्गात नेला. आधी भाजी मोजली. पालकाच्या निवडलेल्या पानांचा ढीग, टोमॅटो, काकडी, गाजर, मूठभर फरसबी. काटा 400 वर आला तेव्हा टेबल झाकलं गेलं होतं. मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, एवढ्यात आमच्याकडं पाच जण जेवतात!"

कुणीच हसलं नाही, कारण सगळ्यांच्याच घरी तसं होतं. माझ्याही.

मग डबे उघडले. चार चपात्या म्हणजे शंभरेक ग्रॅम कणीक. भाजी दोन चमचे, तीही बटाट्याची. "डबा घरचा आहे ना, मग पौष्टिकच" हे आम्हा शिक्षकांचं लाडकं वाक्य. घरच्या डब्यात तळण नाही, मीठ-तेल आपल्या हातात, हे मान्यच. पण वडापाव काय आणि चपाती-बटाटा काय, दोन्हीकडे धान्य-बटाट्याचीच गच्च भरती असते.

फळ्यावर मी आजीने शिकवलं तसं ताट काढलं. वर मीठ, त्याच्या डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, आमटी. मध्ये भात. सणाला केळीच्या पानावर असंच वाढतात, मुलांनी पाहिलेलं असतं. त्या डावीकडे कोशिंबीर किती असते? चमचाभर. बोट लावून चाखण्यापुरती. नवी तत्त्वं म्हणतात, भाज्या, फळं, पालेभाज्या आणि कंदमुळांनी जवळजवळ अर्धं ताट भरा. म्हणजे आपल्या भाषेत डावी बाजू फुगवा, भाजी वाढवा आणि मधला डोंगर कमी करा. मला विचाराल तर तत्त्वांसोबतच्या रंगीत गोलाच्या चित्रापेक्षा हे ताट मुलांच्या डोक्यात पटकन बसतं.

तेवढ्यात एका मुलीने हात वर केला. "माझे पप्पा गोण्या उचलतात. त्यांनीपण चपाती कमी करायची?"

असा प्रश्न तक्त्यावरच्या गाजराला कुणी विचारला नसता. याच संस्थेच्या आकड्यांप्रमाणे बैठं काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला 2110 कॅलरी लागतात आणि अंगमेहनतीचं जड काम करणाऱ्याला 3470. कांद्याच्या गोण्या पाठीवर घेणाऱ्याला बँकेतल्या माणसाचं ताट वाढणं हा अन्यायच. मी तिला म्हटलं, पप्पांची भाकरी कमी करू नकोस, सोबत डाळ वाढव.

पण डाळीला पैसे लागतात. पाच माणसं, प्रत्येकी 85 ग्रॅम, महिन्याला जवळजवळ 13 किलो. वर्गाने गणित सोडवलं आणि दुसऱ्या दिवशी वाण्याकडून तुरीचा भाव विचारून आला. तेव्हा अंडी, हरभरे, चवळी, सुकी मासळी यांची नावं मुलांनीच काढली. मग एक पोरगा खिचडीवर घसरला. शालेय पोषण आहारात सहावी ते आठवीला एका जेवणात तांदूळ 150 ग्रॅम, डाळ 30 आणि भाजी 75. तत्त्वांत धान्याच्या एक तृतीयांश डाळ, आमच्या खिचडीत एक पंचमांश, आणि भाजी तांदळाच्या निम्मी. "सरकार दोन प्रकारचं ताट का सांगतं?" त्याला काय उत्तर द्यावं, अजून ठरवतेय. खिचडीवाचून ज्यांची दुपार कोरडी जाईल अशीही मुलं त्याच वर्गात बसतात.

आता एक कबुली. काही वर्षांपूर्वी, दुसऱ्या शाळेत असताना, मी "पौष्टिक डबा" तक्ता केला होता. चांगल्या डब्याला चांदणी. एका मुलीने तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी आणली. मुलांनी नाकं धरली. मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, "उद्यापासून काहीतरी साधं आण." दुसऱ्या दिवशी तिने ब्रेड-जॅम आणला आणि मी चांदणी दिली. कवचासकट खायच्या सुकटीत प्रथिनंही भरपूर आणि कॅल्शियमही. हे मी विज्ञान शिकवणारी बाई. ती चांदणी आजही मला टोचते.

म्हणून माझं मत, पटो न पटो: डबा तपासणी बंद करा. चांदण्या, शेरे, वर्गासमोर झाकण उघडायला लावणं, सगळंच. यंदा मीही डबे मोजले, पण ज्यांनी आपणहून पुढे केले त्यांचेच, आणि आधी माझा. मुलाला डब्याची लाज वाटली की ते डबा लपवतं. आणि पावसाळ्यात टोपलीत टाकळा-कुर्डू घेऊन बसलेल्या बायांकडे बोट दाखवून "ही पालेभाजी ताटातल्या हिशेबात धरायची" असं कुणी तरी सांगा. बाजारातल्या ब्रोकोलीचं कौतुक पुरे.

पालकसभेत एक आई म्हणाली, "बाई, पोरगं काकडी मागतंय. देईन की. पण मी साडेपाचला घर सोडते, किसायची कुणी?"

गेल्या शुक्रवारी वर्गात नऊ किसण्या आल्या, त्यातल्या सहा मुलग्यांनी आणलेल्या. दोघांनी बोटं खरवडून घेतली. दाण्याचं कूट घरून आणलं होतं, ते कोशिंबिरीत पडायच्या आधीच निम्मं संपलं. आणि एकाने मीठ असं काही ओतलं, की 'मीठ दिवसाला 5 ग्रॅमपर्यंतच' हा धडा मला वेगळा घ्यावा लागला नाही.