आयर्लंड ‘आर्यलँड’ नाही, पीवरी आहे

“आयर्लंड म्हणजे आर्यलँड, ड्रुइड म्हणजे द्रविड, स्कँडिनेव्हिया म्हणजे स्कंदनाभी, नॉर्वे म्हणजे नरक. गर्वाने पुढे पाठवा!” घरच्या ग्रुपवर हे तीनदा येऊन गेलं, मी गप्प राहिलो. परवा डब्लिनला शिकणाऱ्या भाचीने ते खरं मानून आयरिश मैत्रिणीला ऐकवलं. मैत्रीण हसली, भाची ओशाळली. आता गप्प बसवत नाही.

आधी आर्यलँड. त्यातलं ‘लँड’ हे शेपूट परक्यांनी लावलेलं. आयरिश लोक देशाला ‘एरे’ म्हणतात, जुन्या आयरिशमध्ये ‘एरियू’. ही त्यांच्या कथांतली देवीसुद्धा. दुसऱ्या शतकात ग्रीक भूगोलकार टॉलेमीने हेच नाव ‘इउएर्निया’ असं लिहिलं. त्यातला ‘व’सारखा उच्चार ‘आर्य’मध्ये कुठून आणणार? शिवाय केल्टिक भाषांनी, म्हणजे आयरिश ज्या कुळातली त्या भाषांनी, शब्दारंभीचा ‘प’ गाळून टाकला. म्हणून आपल्या ‘पितृ’चा आयरिश भाऊबंद ‘आहर’. तो गळलेला ‘प’ परत बसवला की नातं जुळतं संस्कृत ‘पीवरी’शी, म्हणजे पुष्ट, भरलेली. पुष्ट म्हणजे कसदार जमीन. रांको मातासोविच यांच्या २००९ च्या आदि-केल्टिक व्युत्पत्तिकोशात हे सगळं आहे. आणि नातं म्हणजे चुलत भावंडांचं. संस्कृतच्या पोटी आयरिश जन्मली असं नव्हे.

ड्रुइड म्हणजे प्राचीन केल्टिक लोकांचे पुरोहित. त्यांच्याबाबत थोडं नमतं घ्यावं लागतं. ‘द्रविड’शी काही संबंध नाही, तो शब्द पालीतल्या ‘दमिळ’चा, म्हणजे तमिळच्या घरातला. पण ‘ड्रुइड’चा शेवट ‘विद्’ म्हणजे जाणणे या धातूचा सख्खा नातलग आहे, आणि सुरुवातीत बहुतेक अभ्यासकांना ‘द्रु’ म्हणजे झाड दिसतं. असा खरा ऐवज हाताशी असताना मेसेज लिहिणाऱ्याने नेमकं खोटं उचललं!

स्कंद तर फारच लवकर पडतो. पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनीने लिहिलं ‘स्काटिनाव्हिया’. पहिला ‘न’ त्यात नाहीच, तो मागाहून घुसला. शेवटी ‘नाभी’ नाही, बेट आहे. स्वीडिशमध्ये आजही बेटाला म्हणतात तो ‘ओ’ त्याच शब्दाचा वंशज.

नॉर्वे म्हणजे उत्तरेची वाट. नरक म्हणणाऱ्याने तिथला जानेवारी काढला असेल.

हे सगळं भाचीला पाठवलं. तिचं उत्तर आलं, “मामा, म्हणजे आता तिला सांगू का, की तुझ्या देशाचं नाव जाडी?”

सांग खुशाल.